पंचवीस रेघा

"या बाटलीनं आपल्या शाळेची पंचवीस वेळा सेवा केली," धोत्रे सर खुर्चीवर उभे राहून, चेहरा अगदी सरकारी करून म्हणाले. "एकदाही रजा टाकली नाही. एकदाही तक्रार केली नाही. नियत वयोमानानुसार आज ती निवृत्त होत आहे. टाळ्या!"

नववी 'ब'ची पोरं हसून हसून मैदानावर लोळायची बाकी होती. शारदा माळी नावाच्या पोरीनं पुढं येऊन बाटलीच्या गळ्यात कण्हेरीच्या फुलांची माळ घातली.

"सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलू द्या की सर," शिपाई इलाहीभाई बादली खाली ठेवत म्हणाले.

धोत्रे सरांनी बाटलीच्या तोंडाला ओठ लावून फुंकर मारली. भोंऽऽ असा आवाज आला.

"गहिवरून आलंय त्यांना," सर म्हणाले.

मी बाजूला मार्कर पेन घेऊन उभी होते. पंचविसावी रेघ मीच नुकती मारली होती. रेघा मारायचं काम माझं. कारण, धोत्रे सरांच्या शब्दांत, "माझं डोकं आकाशात असतं, उंबरे बाईंचं आकड्यात."

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. मंगळवेढ्याच्या पुढं, कोरडवाहू मुलखात आमचं खर्डेवाडी. तिथल्या ज्ञानवर्धिनी विद्यालयात मी गणित शिकवत होते आणि नागनाथ धोत्रे विज्ञान. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि कपाटात एक मोडका सूक्ष्मदर्शक. त्यामुळं धोत्रे सरांनी स्वतःचं विज्ञान स्वतः गोळा केलं होतं. लग्नाच्या मांडवामागं, एसटी स्टँडवर, ढाब्याच्या उकिरड्यावर पडलेल्या थंड पेयाच्या दोन लिटरच्या बाटल्या पोरं आणायची. फिनेलच्या रिकाम्या कॅनमधून तीन पंख कापायचे. टोकाला प्लॅस्टिकचा अर्धा चेंडू. बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. मग बाटली उलटी करून लाकडी पाटावर बसवायची, मानेच्या कड्याला खीळ अडकवायची, सायकलच्या पंपानं चाळीस दाबे हवा भरायची, आणि चुन्यानं आखलेल्या रेषेपर्यंत दहा पावलं मागं येऊन खिळीची दोरी ओढायची. फुस्स करून बाटली पाण्याची शेपटी सोडत झेंड्याच्या खांबाच्या दुप्पट उंच जायची. प्यायच्या पाण्याला टँकर येणाऱ्या गावात हे कुणाच्या डोळ्यांत खुपू नये म्हणून पाट कडुलिंबाच्या रोपांशेजारी मांडलेला असायचा. सांडलेलं सगळं पाणी आळ्यांत.

पंचविसाचा नियमही सरांचाच. प्लॅस्टिक ताणून ताणून थकतं, असं ते म्हणायचे. किती थकतं हे पाहायला त्यांनी एक बाटली वेगळी काढली, कुंपणाच्या भिंतीआडून लांब दोरीनं उडवत राहिले आणि मी रेघा मारत राहिले. सत्तेचाळिसाव्या वेळी ती फुटली. दुसरी त्रेचाळिसाव्या वेळी. "म्हणजे साधारण निम्म्यावर थांबू. पंचवीस," सर म्हणाले. तिसरी परीक्षेची बाटली कपाटात होती, एक्केचाळीस रेघांची. तिच्या बुडाशी आणि मानेपाशी पांढुरक्या शिरा उमटल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या हातावर उमटतात तशा.

निवृत्त बाटलीचा निरोप संपला. शारदानं ती मधोमध कापली आणि तिच्यात पुदिना लावायला वर्गात घेऊन गेली. पोरं पांगल्यावर सर खुर्ची उचलत म्हणाले, "बघा बाई, या शाळेत बाटल्यासुद्धा निवृत्त होतात. आपण अजून नेमणुकीतच लटकलोय."

हे मात्र ते हसत म्हणाले नाहीत.

आम्ही दोघंही विनाअनुदानित तुकडीवरचे. सात वर्षं. दरवर्षी मेमध्ये कमी व्हायचं, दरवर्षी जूनमध्ये पुन्हा अर्ज लिहायचा. त्या वर्षी जुने देशपांडे सर निवृत्त होणार होते, आणि गणित-विज्ञानाची एक जागा, अनुदानाची, कायमची, रिकामी होणार होती. एक जागा आणि आम्ही दोघं. हजेरीपटावर धोत्रे सरांची पहिली सही तेरा जूनची होती, माझी अठराची. माझ्या सासूबाईंनी सत्यनारायण घातला होता म्हणून मी पाच दिवस उशिरा रुजू झाले. त्या पूजेचा प्रसाद मला सात वर्षं पुरला.

नियमानं जागा त्यांची. पण आमच्या संस्थेत नियम एकच होता: अध्यक्ष बापूसाहेबांची मर्जी. आणि बापूसाहेबांची मर्जी ज्याच्यावर, नियमही हुडकून त्याच्या बाजूनं काढता यायचा.

धोत्रे सरांचे सासरे पंढरपूरला पत्र्याच्या ट्रंकांची दुकानदारी करत. "यंदा कायम झाला नाहीत तर दुकानात येऊन बसा," असा त्यांचा निरोप दिवाळीतच आला होता. सरांनी तो मला हसत सांगितला होता, आणि मी हसत ऐकला होता. माझ्या घरी माझ्या यजमानांची सोलापूरची मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. ते दिवसभर ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला वेळ विचारत. हे मी कधी धोत्रे सरांना हसत सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही मैदानावरच होतो, तेवढ्यात घुगरे सर आले. आमचे मुख्याध्यापक. त्यांना चहा हवा असला तरी वाक्याची सुरुवात "वरून आदेश आहे" अशीच व्हायची.

"वरून आदेश आहे. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन. बापूसाहेब स्वतः येणार. ते तुमचं रॉकेट का फिकेट, ते बापूसाहेबांच्या हस्ते उडवायचं."

धोत्रे सरांचा चेहरा एकदम उजळला. "उडवू की सर! शंभर फूट उडवू!"

"पण बापूसाहेबांच्या बाटलीतून."

"म्हणजे?"

घुगरे सरांनी पाठीमागं धरलेला हात पुढं केला. त्यात 'अमृतबिंदू'ची पाण्याची बाटली होती. बापूसाहेबांनी नुकताच पाणी भरून विकायचा कारखाना टाकला होता. गावाला टँकर आणि बापूसाहेबांना कारखाना, असं ते वर्ष होतं.

"सर, ही पातळ असते," धोत्रे सर बाटली दोन बोटांत चेपत म्हणाले. ती कुरकुर करत आत गेली. "ही साध्या पाण्याची. गॅसवाल्या पेयाची बाटली मुळातच दाब सोसायला केलेली असते. हिच्यात वीस दाबे मारले तरी फुटेल."

"फुटता कामा नये. बापूसाहेब असताना काहीच फुटता कामा नये."

"मग दुसरी बाटली वापरू द्या."

"दुसरी कंपनी? बापूसाहेबांच्या हस्ते? नागनाथराव, तुम्हाला कायम व्हायचंय का नाही?"

मी आकडे मोजणारी बाई. त्या दहा मिनिटांत घुगरे सर 'बापूसाहेब' चौदा वेळा म्हणाले. पण तोड मीच काढली, हे कबूल केलं पाहिजे.

"बाटली आपली, लेबल त्यांचं," मी म्हणाले. "अमृतबिंदूची लेबलं कारखान्यातून मागवू. आपल्या बाटलीवर चिकटवू, वरून सोनेरी कागद लावू. लांबून कुणाला कळतंय?"

घुगरे सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी आत्ताच रुजू झाले होते. "वा! उंबरे बाई, तुम्ही खरंच विचार करता."

धोत्रे सर मला नंतर म्हणाले, "वाचवलंत बाई. मी सरळ भांडलो असतो."

"तुम्ही भांडायचं नाही. उडवायचं," मी म्हणाले. आणि तेव्हा तरी ते मी मनापासून म्हटलं होतं.

पुढचे तीन दिवस धोत्रे सर जमिनीवर नव्हते. पाटाला रंग दिला. खिळीला तेल दिलं. दोरीला लाल रेशमी गोंडा बांधला, बापूसाहेबांच्या हाताला काथ्या टोचू नये म्हणून. पोरांची कवायत घेतली: दहा पावलांच्या रेषेच्या आत पाय ठेवणाऱ्याला वर्गाबाहेर आठवडाभर उभं. मधल्या सुट्टीत घुगरे सर त्यांच्या खांद्यावर हात टाकून फिरताना मी दोनदा पाहिलं. सात वर्षांत त्यांनी तो हात कुणाच्या खांद्यावर टाकला नव्हता.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी शाळा सुटल्यावर घुगरे सर स्टाफरूममध्ये आले. मी एकटीच वह्या तपासत होते.

"उंबरे बाई, एक सांगून ठेवतो, मनाला लावून घेऊ नका. काल बापूसाहेबांशी बोलणं झालं. उद्याचं नीट पार पडलं तर धोत्र्यांचं पत्र मार्चमध्येच काढणार आहेत. तुमचंही बघू. पुढंमागं."

"बरं सर," मी म्हणाले.

"तुम्ही समजूतदार आहात."

ते गेल्यावर धोत्रे सर आले, हातात लेबलांचं भेंडोळं आणि दोन कोऱ्या बाटल्या. "बाई, एवढं चिकटवून ठेवाल? मला स्टँडवर जायचंय, पंढरपूरहून सासरे येतायत. उद्या जावयाचा पराक्रम बघायला!" ते थांबले, मग थोडं खाली बघत म्हणाले, "पहिल्यांदाच येतायत ते इथं. लग्नानंतर."

"जा तुम्ही. मी करते."

"उद्याची कपाटातल्या चालू बाटल्यांतली घ्या, उडून तपासलेली. या दोन कोऱ्या राखीव. रेघा एकदा मोजून बघा हं."

"मी मोजत नाही असं कधी झालंय?"

ते हसत गेले. मी कपाट उघडलं, लेबलं चिकटवली, वरून सोनेरी कागद गुंडाळला. अंधार पडायच्या आत घरी आले. यजमान ओट्यावर होते. त्यांनी मला वेळ विचारली.

अठ्ठावीस तारखेला नऊ वाजताचा कार्यक्रम होता. बापूसाहेब पावणेबाराला आले. फेब्रुवारी असला तरी आमच्याकडचं ऊन महिने बघून पडत नाही. पोरं मैदानावर वाळत घातलेल्या पापडांसारखी बसली होती. सभामंडपात पहिल्या रांगेत धोत्रे सरांचे सासरे, डोक्याला पांढरी टोपी, गुडघ्यांवर हात. त्यांच्या शेजारी सरांची बायको, मांडीवर छोटी मुलगी.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. बापूसाहेबांनी विज्ञानावर पाऊण तास भाषण केलं, त्यातली चाळीस मिनिटं पाण्याच्या कारखान्यावर होती. मग सगळे पाटापाशी गेले. सोनेरी रॉकेट उन्हात चमकत होतं, पोटावर निळ्या अक्षरांत 'अमृतबिंदू'. बापूसाहेबांना ते फार आवडलं.

"हे आमच्या बाटलीचं?"

"आपल्याच, बापूसाहेब," घुगरे सर म्हणाले.

रीतीप्रमाणं नारळ फुटला. रॉकेटला हळदकुंकू लागलं. फोटोवाल्यानं दोन फोटो घेतले. मग धोत्रे सरांनी मोठ्यानं सांगितलं, "सगळे रेषेच्या मागं!" आणि पंपाला हात घातला. लांब नळी होती, पंप रेषेवरच असायचा. पोरं एका सुरात मोजत होती. एक, दोन, तीन. मी ओठांत मोजत होते.

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

काहीच झालं नाही. रॉकेट आपलं उभं.

सरांनी गोंड्याची दोरी बापूसाहेबांच्या हातात दिली. "ओढा साहेब. सावकाश, सरळ."

बापूसाहेबांना सरळ काही ओढायची सवय नव्हती. त्यांनी फोटोवाल्याकडं तोंड केलं आणि दोरी बाजूला ओढली. खीळ तिरकी झाली आणि अडकली. त्यांनी पुन्हा ओढली. पाट हलला, खीळ निघाली नाही. पोरांत खुसखुस झाली. पहिल्या रांगेत सासऱ्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"नागनाथराव," घुगरे सर दातांतून म्हणाले. "काय चाललंय?"

"आत्ता करतो. एक मिनिट साहेब, खीळ सरळ करतो."

आणि धोत्रे सर रेषा ओलांडून निघाले.

नियम त्यांचाच होता. भरलेल्या बाटलीजवळ जायचं नाही; खीळ अडकली तर व्हॉल्व्ह लांबून सैल करून हवा सोडायची, मग जायचं. सत्तर वेळा त्यांनी तो पोरांना सांगितला असेल. पण हवा सोडायची, पुन्हा भरायची, म्हणजे बापूसाहेबांना आणखी पाच मिनिटं उन्हात उभं ठेवायचं. आणि सासरे बघत होते.

दहा पावलं होती. मी मोजली. 'सर, थांबा' म्हणायला एक पाऊल पुरलं असतं. तिसऱ्या पावलाला माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. सातव्याला ते मिटलेलं होतं. दहाव्याला सर खाली वाकले, डावा कान बाटलीकडं, आणि त्यांनी खिळीला हात लावला.

आवाज रॉकेटचा नव्हता. सुतळी बॉम्ब पत्र्याच्या डब्यात घालून उडवावा तसा. पाण्याचा एक पांढरा पडदा उठला. बापूसाहेब मागं सरकले, आळ्याच्या चिखलात पाय गेला आणि ते बसले ते बसलेच. घुगरे सर, फोटोवाला आणि चार संचालक त्यांच्याकडं धावले.

धोत्रे सरांकडं इलाहीभाई आणि शारदा धावली. सर गुडघ्यांवर बसून होते. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. ते सारखं एकच विचारत होते, मोठमोठ्यानं, जसं ऐकू न येणारा माणूस विचारतो: "कुणाला लागलं का? पोरांना कुणाला लागलं का?"

त्यांना जीपमधून सोलापूरला नेलं. मैदान रिकामं झाल्यावर इलाहीभाई झाडू घेऊन आले.

"बाई, तुम्ही जावा. मी गोळा करतो तुकडे."

"काचेसारखे धारदार असतात. मीपण वेचते," मी म्हणाले. आणि वेचले.

पाचव्या दिवशी सर शाळेत आले. डाव्या कानात कापसाचा बोळा. पडदा फाटला होता, डॉक्टरांनी आशा दिली नव्हती. शनिवारी संस्थेच्या समितीपुढं जायचं होतं. ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले, उजवा कान माझ्याकडं करून. कपाळावर टाके.

"बाई, मला एकच कळत नाही. चाळीसच दाबे होते ना?"

"चाळीसच."

"ऊन होतं, हे खरं. पण उन्हात आपण आधीही उडवलंय." ते कितीतरी वेळ टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिले. "त्या बाटलीवर किती रेघा होत्या?"

आता सांगितलं पाहिजे.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी मी कपाटातून परीक्षेची बाटली काढली होती. एक्केचाळीस रेघांची. पांढऱ्या शिरांवर लेबल चिकटवलं, उरलेल्यावर सोनेरी कागद. मग सरांनी दिलेल्या दोन कोऱ्यांपैकी एक घेतली, मैदानावर वाळूत घोळवून जुनी केली आणि तिच्यावर एक्केचाळीस रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. आठ जुड्या आणि वर एक. हात माझाच होता, त्यामुळं फरक कुठं दिसायचा प्रश्न नव्हता. ती कपाटात परीक्षेच्या जागी ठेवली. बाटली पाटावरच फुटावी, बापूसाहेब भिजावेत, मार्चमधलं पत्र निघू नये. एवढाच माझा हिशेब होता. कुणाला लागणार नव्हतं. सगळे दहा पावलांवर असणार होते. धोत्रे सरांच्या नियमावर माझा त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास होता.

रेघा असलेला तुकडा मी मैदानावरून वेचून घरी नेला आणि चुलीत घातला. तो जळताना वितळून एका रेघेएवढा झाला.

"बाई? किती होत्या?"

मी म्हणू शकले असते, आठवत नाही. पण मला आठवत नाही यावर कुणी विश्वास ठेवला नसता, धोत्रे सरांनी तर नाहीच.

"दहा," मी म्हणाले. "ते अकरावं उड्डाण होतं."

मग त्यांचा चेहरा असा काही उतरला की मला वाटलं त्यांना कळलं. पण कळलं नव्हतं.

"अकराव्याला?" ते म्हणाले. "अकराव्याला फुटली? म्हणजे बाई, दोन वर्षं मी पोरांना... ती शारदा वीस-बावीसाव्याला दोरी ओढायची. मी तिला ओढू द्यायचो. मी हसत होतो."

"सर, तुम्ही..."

"नाही नाही. बरं झालं तुमच्याकडं आकडा होता. नाहीतर मी बापूसाहेबांना दोष देत बसलो असतो, खीळ तिरकी ओढली म्हणून."

शनिवारी समितीपुढं त्यांना खिळीचंच सांगायचं होतं. घुगरे सरांना त्याचीच भीती होती. पण धोत्रे सर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. माझा नियमच चुकीचा होता. मी पुरेशा बाटल्या तपासल्या नाहीत." बापूसाहेबांना इतकं सोपं कुणी कधी करून दिलं नव्हतं. एप्रिलअखेर सर गेले. जाताना कपाटातली परीक्षेची बाटली आणि पंप मागून घेतला. जूनमध्ये मला पत्र मिळालं. घुगरे सरांनी खांद्यावर हात टाकला नाही, बाईमाणूस म्हणून. पण पेढे खाल्ले. यजमानांनी ओट्यावरून उठून घड्याळ विकत आणलं.

मी पूर्ण सेवा करून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. "उंबरे बाईंच्या हिशेबात कधी चूक निघाली नाही," असं नवे मुख्याध्यापक म्हणाले.

जानेवारीत पंढरपूरजवळच्या एका शाळेनं मला विज्ञान प्रदर्शनाला पाहुणी म्हणून बोलावलं. फाटकातून आत शिरले आणि मैदानावरून आवाज आला.

"या बाटलीनं आपली दहा वेळा सेवा केली! एकदाही रजा टाकली नाही!"

खुर्चीवर एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. दहा, असं तो म्हणाला. मी फाटकालाच थांबले. पण त्यानं मला पाहिलं, आणि तो खाली उतरून जवळजवळ धावतच आला.

"उंबरे बाई! अहो, या बाजूला या. डावीकडं दगड आहे माझ्या, तिकडनं काही ऐकू येत नाही."

दुकान बरं चालतं, म्हणाले. सासरे गेले. शनिवारी दुकानाला कुलूप लावून पोत्यात बाटल्या भरायच्या आणि शाळांतून हिंडायचं. पंधरा वर्षं झाली, चाळीस-पन्नास शाळा झाल्या असतील. मोजल्या नाहीत. "मोजायला तुम्ही कुठं होतात!"

"दहा का सर?" मी विचारलं.

"तुमच्यामुळं की! आणि एक गंमत सांगतो. ती परीक्षेची बाटली मी नेली होती, एक्केचाळीस रेघांची, आठवते? ती भिंतीआडून उडवत राहिलो. बाई, ती किती गेली असेल? पंच्याऐंशी! पंच्याऐंशीव्याला फुटली. एक अकराव्याला जाते आणि एक पंच्याऐंशीव्याला. म्हटलं, बाटलीचा भरवसाच नाही. आता सगळ्या शाळांत एकच नियम. दहा झाल्या की संपलं."

पंच्याऐंशीतून माझ्या एक्केचाळीस. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस, त्रेचाळीस, त्या दिवशीची बेचाळीस, चव्वेचाळीस. चारही आकडे एकमेकांना खेटून उभे राहिले. गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. इतकं स्वच्छ उत्तर मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. निम्मे म्हणजे बावीस-तेवीस. सरांचे पंचवीस ठीकच होते.

"सर," मी म्हणाले.

त्यांनी उजवा कान माझ्याकडं वळवला. "बोला."

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी बाटली घेऊन आली. "सर, ही पण दहाची झाली. पण ही चांगलीय अजून. बघा ना, कुठं पांढरीसुद्धा पडली नाही. कशाला कापायची?"

"मला नको विचारू, या बाईंना विचार," धोत्रे सर म्हणाले. "हा नियम यांच्या आकड्यावर उभा आहे. यांनी त्या वेळी खरा आकडा सांगितला, म्हणून तुमच्यापैकी एकाचाही कान आजवर गेला नाही."

मुलीनं बाटली माझ्या हातात दिली. मी ती उजेडाकडं धरून फिरवली. दोन जुड्या रेघांच्या, सुबक. मान स्वच्छ, बूड स्वच्छ. पंधरा उड्डाणं होती तिच्यात अजून.

"चालेल ना बाई?"

सर उजवा कान पुढं करून उभे होते, थोडे वाकून, तसेच.

"बाद," मी म्हणाले.